चौथ्या राणीचं कपाळ

चिनी मातीवर चित्रं काढणाऱ्या बायका दोन प्रकारच्या असतात, गुलाब काढणाऱ्या आणि गुलाबाचा वीट आलेल्या. मी दुसऱ्या प्रकारची. पण चंडीगडमध्ये माझ्याकडे शिकायला येणाऱ्या सगळ्या पहिल्या प्रकारच्या होत्या. कर्नलांच्या बायका, डॉक्टरांच्या बायका, पंचकुल्यात नवी कोठी बांधलेल्यांच्या बायका. प्रत्येकीला दिवाळीत जावेसमोर मिरवायला स्वतःच्या हातचा गुलाब असलेली प्लेट हवी असायची. वर्षानुवर्षं मी दुसऱ्यांच्या पाकळ्या सुधारत बसले होते. त्यामुळे शिशिर कासारवेळकर जेव्हा म्हणाला, "काकू, मला एका राणीचं पोर्ट्रेट हवंय, पोर्सेलीनवर," तेव्हा पुढचं काही नीट ऐकायच्या आधीच मी हो म्हणून बसले.

हे २००६ सालचं. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत मी माझ्या काही प्लेट्स मांडल्या होत्या. शिशिर आयटी पार्कमधल्या एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होता, चाळिशीला टेकलेला, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, जे त्याने आरतीलाही काढलं नव्हतं. माझ्या प्लेट्सपैकी गुलाब त्याने एका नजरेत ओलांडले आणि मी कंटाळून काढलेल्या एका म्हाताऱ्या सरदारजींच्या चेहऱ्यापाशी थांबला. मला तो तिथेच आवडला. माणसाची पारख करायला ही पद्धत अगदीच कुचकामी आहे, हे आता कळतंय.

दुसऱ्या दिवशी तो आमच्या घरी आला. माझे मिस्टर, नरेश, सेक्टर तीसच्या प्रयोगशाळेत उपकरणं बनवणारे शास्त्रज्ञ. आम्ही तिथल्याच क्वार्टरमध्ये राहत होतो. इतर नवरे बायकोला साड्या आणतात, माझ्या नवऱ्याने मला भट्टी बांधून दिली, ती मागच्या व्हरांड्यात होती. शिशिरने भट्टी पाहिली, चहा घेतला आणि लॅपटॉप उघडून मला तीन राण्या दाखवल्या.

कासारवेळ संस्थानाचं नाव मी मिरजेची असूनही कधी ऐकलं नव्हतं. घाटाखाली कुठेतरी, इतकं लहान की राजाला शिंक आली तर शेजारच्या संस्थानात ऐकू जावी. पण थाट मोठा. त्यांच्यातल्या एका राजाने विलायतेत कुठल्याशा घराण्यातल्या विधवा राणीचं काळ्या कपड्यांतलं चित्र पाहिलं, चिनी मातीच्या तबकडीवर रंगवलेलं. तो इतका भारावला की आपण गेल्यावर आपल्या राणीचंही असंच चित्र व्हावं असं त्याने सांगून ठेवलं. आपण मेल्यावर बायको किती दुःखी दिसेल याची आधीच सोय करून ठेवणारा माणूस. मग ती चालच पडली. राजा वारला की वर्षश्राद्धानंतर राणीचा शोकातला फोटो काढायचा, तो जर्मनीला पाठवायचा, आणि तिकडून तो तबकडीवर रंगवून, भाजून परत यायचा. अशा तीन तबकड्या राजवाड्याच्या दिवाणखान्यात होत्या. तिसरी शिशिरची आजी.

काम मात्र अप्रतिम होतं. ते मान्य केलंच पाहिजे. चिनी मातीवर पांढरा रंग लावत नाहीत, सोडतात. तबकडीचा मूळचा पांढरेपणा तेवढा मोकळा ठेवायचा आणि कडेने राखाडी सावल्या द्यायच्या. त्या जर्मन कारागिरांनी तिघींची पांढरी लुगडी अशी नुसती सोडून दिली होती आणि तरी त्यांतली चूण न् चूण कळत होती. डोक्यावर पदर, हात मांडीवर, नजर खाली. चेहरे तीन, पण कपाळं एकसारखीच मोकळी. मी लॅपटॉपला नाक लावून बघत होते.

"बाबासाहेब मागच्या वर्षी गेले," शिशिर म्हणाला. "आता आईसाहेबांचा नंबर."

रेशनच्या रांगेत म्हणावं तसं तो म्हणाला. मला हसू आलं होतं. मग त्याने बाकीचं सांगितलं. राजवाड्याचं हेरिटेज हॉटेल होणार होतं. गुरगावचे सल्लागार आले होते, पैसे गुंतवणारे तयार होते. सल्लागारांना राजवाड्यात काहीच विशेष वाटलं नाही, असे राजवाडे त्यांना रोज दिसतात म्हणे, पण त्या तीन तबकड्यांपाशी मात्र ते थबकले. दिवाणखान्याला नाव द्यायचं ठरलं, शोकमग्न राण्यांचा महाल. चौथी राणी अजून जिवंत आहे, हे कळल्यावर तर त्यांना आनंदाचं भरतं आलं.

"फोटोवरून नको," तो म्हणाला, "समोर बसवून काढा. त्या येतील. इथे त्यांना तसंही काही काम नसतं."

मी हो म्हणालेच होते. जर्मनांच्या रांगेत माझी तबकडी लागणार होती. खोटं कशाला बोलू, त्या रात्री मला आनंदाने झोप आली नाही.

प्रतिमाराजे पहिल्यांदा आल्या तेव्हा नोव्हेंबर लागला होता. कंपनीची गाडी त्यांना सोडून गेली. साठीच्या आसपासच्या, उंच, पाठ ताठ, जांभळ्या काठाची हिरवी साडी, हातात एकेक सोन्याची बांगडी, आणि कपाळावर कुंकू. टिकली नव्हे, बोटाने लावलेलं, चांगलं ठसठशीत कुंकू. मी काही जुन्या वळणाची बाई नाही. तरी वर्षश्राद्ध झालेल्या बाईच्या कपाळावर ते पाहून माझी नजर तिथे अडकलीच.

"बघून घ्या," त्या म्हणाल्या. "सगळे बघतात. मग आपण बोलू."

मी ओशाळले. त्या खिडकीपाशी उन्हात बसल्या, मला वर-खाली न्याहाळलं आणि म्हणाल्या, "तुमच्या ब्लाउजचा डावा खांदा चुकलाय. शिंप्याने हात लांबवून माप घेतलं असणार." नंतर कळलं, या राणीसाहेब पुण्यात मुलींच्या शाळेत शिवणाच्या बाई होत्या. शाळेत शिवण शिकवून त्यांनी मुलाला वाढवलं. राणीपण त्यांच्या वाट्याला जेमतेम सातआठ वर्षं आलं होतं.

मी आधी त्यांना राणीसाहेब म्हणत होते. तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "ताई म्हणा. राणीसाहेब म्हणालात की मागे वळून बघावंसं वाटतं, कोण आलं म्हणून."

त्या आठवड्यातून दोनदा दुपारी यायच्या. मी पेन्सिलीने काढायचे, खोडायचे, त्या बोलायच्या. श्यामकांतराजे, म्हणजे त्यांचे यजमान, शिशिर सहा वर्षांचा असताना घर सोडून डेहराडूनला गेले. तिथे त्यांची एक मैत्रीण होती. भांडण नाही, तंटा नाही. दोन बंदुका आणि कुत्री घेऊन गेले. पुढे ती मैत्रीण वारली, राजे आजारी पडले, तेव्हा शिशिर त्यांना चंडीगडला घेऊन आला. आईला पुण्याहून बोलावून घेतलं.

"म्हणजे तुम्ही त्यांचं केलंत?" मी विचारलं.

"केलं की. पाच महिने. आंघोळ, जेवण, सगळं. शिशिरने सांगितलं, मी केलं."

"काही बोलले ते? जाताना?"

"बोलले. सूप पातळ झालंय म्हणाले."

त्या हसल्या नाहीत, रडल्याही नाहीत. मला मात्र असा संताप आला की पेन्सिल खाली ठेवावी लागली. मेलेल्या माणसावर रागावून काही मिळत नाही, पण जिवंतपणी ज्याच्यावर कोणीच रागावलं नाही, त्याच्यावर नंतर तरी कोणीतरी रागवायला नको का?

शिशिरचा फोन आला. "काकू, टिकली-बिकली नको हं चित्रात. आणि साडी पांढरी. त्यांना तेवढं जरा सांगाल?"

"तू सांग ना. तुझी आई आहे."

"मी सांगितलं तर वाद होतो. तुम्ही मॅनेज करा ना प्लीज."

हे मॅनेज करणं त्या वर्षांत सगळ्यांच्या तोंडी होतं. ऑफिसात माणसं मॅनेज करायची, घरी आई मॅनेज करायची. मी ताईंना जसंच्या तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्याला बाप मिळाला नाही हो. आता मेलेला मिळालाय, तर त्याला तो राजासारखा हवाय. राजासारखा बाप म्हटला की रडणारी राणी लागते. मला कळतं त्याचं."

पुढच्या खेपेला त्या पांढरी साडी नेसून आल्या. बांगड्या काढून पर्समध्ये ठेवल्या. पदर डोक्यावरून घेतला, हात मांडीवर ठेवले, आणि त्या तीन तबकड्यांमध्ये होती तशी नजर खाली घातली. सगळं अगदी शहाण्या मुलीसारखं केलं. कपाळावर कुंकू तसंच होतं.

"एवढं सगळं देते मी त्याला," त्या म्हणाल्या. "साडी घ्या, बांगड्या घ्या, नजर खाली घ्या. कुंकू देणार नाही."

"ताई, मी विचारू का? कशासाठी?"

"तुम्ही लग्नाआधी कुंकू लावत होतात की नाही?"

"लावत होते."

"कोणाच्या नावाचं?"

मी पेन्सिलीला टोक काढू लागले.

"मीही लावत होते. परकरात होते तेव्हापासून. आई तिच्या बोटाने लावायची. मग लग्न झालं आणि सगळे म्हणाले, हे आता यांचं. ते निघून गेले तेव्हा गावातल्या बायका म्हणाल्या, नवरा जिवंत आहे, कुंकू पुसू नका. मी कुठे पुसत होते? सगळ्यांना वाटायचं, बिचारी अजून त्यांच्या नावाने लावते. मी कोणाची समजूत घातली नाही. ते वारले त्या दिवशी त्यांच्या चुलत बहिणी आल्या, माझं कपाळ पुसायला. मी दाराला आतून कडी घातली. लीनाबाई, मला त्यांचं दुःख नाही. खरंच नाही. मला दुःख झालं तेव्हा मी तिशीची होते आणि ते मी शिलाईच्या मशीनवर बसून संपवलं. आता या वयात दुसऱ्याच्या भिंतीसाठी ते पुन्हा कुठून आणू? चित्रात माझं कुंकू राहू दे. ते राहिलं म्हणजे बघणाऱ्याला कळेल की ही बाई त्या तिघींसारखी बसली होती, पण ही रडत नव्हती."

"राहील," मी म्हणाले. "मी लावीन."

पुढचा महिना मी आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम केलं. चिनी मातीचं काम सावकाशीचं असतं. तेलात कालवलेला रंग पातळ लावायचा, वाळवायचा, भट्टीत घालायचा. रंग काचेत बसला की त्यावर दुसरा हात. भट्टीतून निघालेलं काही पुसता येत नाही आणि भट्टीत न गेलेलं काही टिकत नाही. नरेश कंट्रोलरपाशी खुर्ची टाकून बसायचे. प्रत्येक भाजणीनंतर ताईंचा चेहरा थोडा जास्त त्यांचा व्हायचा. डोळ्यांखालची सावली, ओठांच्या कोपऱ्यातली ती न हसण्याची सवय, पदराखालून आलेली पांढरी बट. साडी मी जर्मनांसारखी सोडून दिली. गुलाबवाल्या विद्यार्थिनी तबकडीभोवती जमल्या. एकीने विचारलं, "मैम, ये कौन सी महारानी हैं?" मी म्हटलं, "चौथी."

लाल आणि सोनं शेवटच्या भाजणीला. लाल रंग नाजूक असतो, त्याने भट्टी फार वेळा पाहिली की तो तपकिरी पडतो. त्या सकाळी ताई मुद्दाम आल्या. मी बारीक ब्रश घेतला आणि त्यांच्यासमोर कपाळावर लाल लावला.

"जरा वर," त्या म्हणाल्या.

मी पुसून वर लावला.

त्यांनी चष्मा लावला आणि पहिल्यांदा ती तबकडी बराच वेळ बघितली. याआधी त्या काम झालं की निघायच्या, चित्राकडे वळूनही बघायच्या नाहीत. "बाई बरी दिसते," त्या म्हणाल्या. मला त्या वाक्याने जितकं बरं वाटलं तितकं कुठल्याही कौतुकाने वाटलं नव्हतं.

तेवढ्यात शिशिर आला. कंपनीतून मधल्या वेळात पळून आला होता, खाली घालायची अक्षरं सांगायला. तबकडी बघून त्याचा चेहरा उजळला. खरं सांगते, त्या क्षणी तो मला पुन्हा आवडला. "काकू, त्या तिघींपेक्षा भारी झालंय," तो म्हणाला. मग त्याला लाल दिसलं.

"हे काय?"

"कुंकू," मी म्हणाले.

"ते कळतंय. पण हे नको असं ठरलं होतं ना?"

"तुझं आणि माझं ठरलं असेल. ताईंचं नव्हतं ठरलं."

तो आईकडे वळला. आवाज चढवला नाही. तो कधीच आवाज चढवायचा नाही, मीटिंगमध्ये बोलावं तसं बोलायचा. "आईसाहेब, रांगेत लावल्यावर ते डोळ्यात खुपेल. बाकी तिघींना नाहीये."

"खुपू दे."

"लोक विचारतील, ही विधवा आहे की नाही."

"विचारू देत की. गाइडला सांगायला काहीतरी मिळेल."

"अहो पण त्या महालाचं नावच शोकमग्न राण्या आहे. मी तिथल्या लोकांना काय सांगू, की आमच्या आईला वडील गेल्याचं काहीच वाटलं नाही?"

"सांग तसं," ताई म्हणाल्या. "मला नाही वाटलं. शिशिर, मी तुला आजवर कधी काही मागितलं नाही. हे एवढं मागते. ते राहू दे."

मी दोघांकडे बघत होते. मला वाटलं, झालं. आईने असं तोंडाने मागितल्यावर कुठलाही मुलगा काय करेल? शिशिर हसला. लहान मूल हट्टाला पेटलं की मोठी माणसं हसतात, तसा. मग मला म्हणाला, "काकू, हे अजून भाजलं नाही ना?"

"नाही. शेवटची भाजणी आज."

मी हे बोलायला नको होतं असं नंतर नरेश म्हणाले. पण मी काय वेगळं बोलणार होते, रंग ओला दिसतच होता. शिशिरने डाव्या हाताने तबकडी धरली आणि उजव्या अंगठ्याने कपाळावरचं कुंकू पुसून टाकलं. घाईने नाही, व्यवस्थित, मुलाच्या गालाला लागलेलं काजळ आई पुसते तसं. थोडा लाल फराटा राहिला, तोही त्याने रुमालाने टिपून घेतला. रुमाल घडी करून खिशात ठेवला.

ताईंचा हात स्वतःच्या कपाळाकडे गेला. तिथलं जागेवर होतं.

"छान," शिशिर म्हणाला. "आता खाली सोन्याची अक्षरं. जुन्या तबकड्यांवर दोन ओळी आहेत, तशाच घाला. वरच्या ओळीत राणीचं नाव, खालच्या ओळीत शोक कोणाचा ते. श्रीमंत प्रतिमाराजे. त्याखाली, शोक, श्रीमंत श्यामकांतराजे. बस." त्याचा फोन वाजला. अमेरिकेचा होता. "आईसाहेब, गाडी पाठवतो," म्हणत तो बोलत बोलत निघूनही गेला.

रागाने मी ब्रश परत लाल रंगात बुडवला. "ताई, मी लावते. भट्टीत गेलं की त्याच्या बापालाही पुसता येणार नाही."

"नको," त्या म्हणाल्या.

"का नको? तुमचं आहे ते."

"माझं माझ्या कपाळावर आहे. चित्रातलं त्याने पुसलं." त्या तबकडीकडे बघत होत्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला होता. "त्या दिवशी मी कडी घातली होती, तेव्हा मला वाटलं होतं दाराबाहेर त्या बायका आहेत. मुलगा माझ्या बाजूचा आहे असं मी धरून चालले. राहू दे ते कपाळ तसंच. आता ते खरं आहे."

मला समजलं नाही. मी ब्रश धुतला आणि सोन्याची बाटली उघडली. कच्चं सोनं तपकिरी चिखलासारखं दिसतं, भट्टीतून निघाल्यावरच ते चमकतं. मी पहिली ओळ लिहिली. श्रीमंत प्रतिमाराजे. मग खाली शोक लिहिलं आणि पुढचं लिहिणार तोच त्यांनी माझं मनगट धरलं.

"शिशिरचं नाव लिहा."

"ताई."

"श्रीमंत शिशिरराजे लिहा. व्यवस्थित, त्या तिघींचं आहे तसं."

"ताई, असं बोलू नका. तो जिवंत आहे. आईने असं..."

"मला माहीत आहे आईने काय करू नये. त्याचं आयुष्य शंभर वर्षं होवो. मी त्याला शाप देत नाही. पण शोकाची तबकडी आहे ना ही? मग ज्याचा शोक मला आहे त्याचंच नाव तिच्यावर येईल. श्यामकांतरावांचा मला नाही. मी खोटं लिहू देणार नाही."

त्या रडत होत्या. आवाज न करता, ताठ बसून, पांढऱ्या पदराने डोळे पुसत. इतके दिवस खाली घातलेली ती नजर मी कसब म्हणून रंगवत होते, आता ती खरोखर खाली गेली होती. मी लिहिलं. लिहिताना मला भीती वाटत होती आणि तरी ते बरोबर आहे असंच वाटत होतं.

भट्टीत ठेवण्याआधी नरेशने ते वाचलं. "लीना, हे नाव बरोबर आहे?"

"बरोबर आहे."

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, तबकडी जाळीवर ठेवली आणि दार लावलं.

शिशिर रविवारी आईला घेऊन आला. मी बर्फी आणून ठेवली होती, का ते मलाच माहीत नाही. काहीतरी बोलावं लागेल असं वाटून मी मनात वाक्यं जुळवत होते. एका आईने जिवंत मुलाचं सुतक धरलंय, हे वाचून त्या मुलाचं काय होईल, तो कोसळेल का, आईच्या पाया पडेल का, मला दोन शिव्या घालेल का. ताई खिडकीपाशी त्यांच्या नेहमीच्या जागी बसल्या. आज हिरवी साडी होती आणि कपाळावर कुंकू होतं. त्या शिशिरकडे बघत होत्या. दोन दिवसांत त्या झोपल्या नसाव्यात. त्या बघण्यात राग नव्हता, वाट पाहणं होतं. त्याने वाचावं आणि काहीतरी म्हणावं, एवढ्यासाठी त्या आल्या होत्या.

मी तबकडी कापडातून काढून त्याच्या हातात दिली. सोनं झळझळीत उतरलं होतं. त्याने चेहरा बघितला, मान डोलावली. मग ओळी वाचल्या. पुन्हा वाचल्या.

"काकू, नाव चुकलं."

"चुकलं नाही," ताई म्हणाल्या. "मी सांगितलं तिला लिहायला."

शिशिर आईकडे बघत राहिला. त्याला कळलं. त्याचे कान लाल झाले, तोंड थोडं उघडलं, आणि एक क्षणभर तो मला सहा वर्षांचा दिसला. ताई खुर्चीत किंचित पुढे सरकल्या.

मग त्याने तबकडी उजेडात तिरकी धरली आणि खालच्या ओळीवरून नख फिरवलं.

"हे खरवडून निघेल?"

"निघेल," मी म्हणाले. "पण ओरखडा राहील."

त्याने बोटाने काठापासूनचं अंतर मोजलं. "मग नको. फ्रेमची पट्टी खाली जरा रुंद घेतली की झाकलं जाईल."

"माझंही नाव झाकलं जाईल मग," ताई म्हणाल्या.

"चालेल," तो म्हणाला. "खाली नावांची पितळी पाटी लावणारच आहोत." आणि त्याने फोन काढून फ्रेमवाल्याला माप सांगितलं.